वीस नंबरची सून

सासऱ्यांना हाक मारायची एकच तऱ्हा ठाऊक होती. काचेच्या केबिनमध्ये बसून, समोरच्या कागदावरून मान न उचलता ते ओरडायचे, "सूनबाई!" आणि बाहेरच्या खोलीतली थोरली हातातलं काम टाकून उठायची. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. सून एकच, तेव्हा हाकेत घोळ व्हायचं कारण नव्हतं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, बाहेरच्या खोलीत दुसरं टेबल आलं आणि हाकेसरशी दोन खुर्च्या मागे सरकायला लागल्या. थोरली दारात पोचलेली असायची. सासरे मान वर करायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तू नाही गं, ती."

त्यांच्या मनात काही नसायचं. ज्याच्या मनात काही नसतं त्याचं बोलणंच जास्त लागतं, हे ज्याला लागतं त्यालाच कळतं.

घराचा धंदा चष्म्याच्या काचा घासून देण्याचा. तळमजल्यावर घासायची यंत्रं, पहिल्या मजल्यावर ऑफिस, त्याच्या वर राहतं घर. दूरदूरच्या गावांतले चष्मेवाले गिऱ्हाइकांचे डोळे तपासत आणि नंबर मेलवर पाठवत. खाली थोरला भाऊ त्या नंबरच्या काचा घासायचा, धाकटा त्या डब्यांत भरून रवाना करायचा. मेल आला नाही तर काच नाही, आणि काच नाही तर कुठल्यातरी गावात कुणीतरी भिंत धरून चालतंय, असा हिशेब.

थोरली या घरात आली तेव्हा ऑर्डरी फोनवर यायच्या. वजा अडीचचं अधिक अडीच व्हायचं, डाव्याचा उजवा व्हायचा, आणि शिव्या मात्र बरोबर पत्त्यावर यायच्या. तिनेच दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं. जिन्याखालच्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर ठेवून त्याचा मेल सर्व्हर केला. शिकवणारं कुणी नव्हतं. वाचायची, करायची, बिघडवायची, पुन्हा करायची. डोमेनच्या नोंदी म्हणजे तरी काय, दारावरच्या पाट्या. आमच्यासाठी मेल आणला असेल तर या दाराशी द्या. आमच्या नावाने मेल पाठवायचा हक्क फक्त या यंत्राला आहे, दुसरं कुणी आमचं नाव सांगत आलं तर उभं करू नका. आमची सही अशी असते, ताडून बघा. एकेक पाटी तिने आपल्या हाताने लावली होती. काचा पुसायच्या मऊ पिवळ्या फडक्याने ती दर आठवड्याला त्या यंत्रावरची धूळ पुसायची. जुनं, घरघरणारं, पण कधी न थकणारं. घरात सगळे त्याला म्हातारी म्हणायचे.

एकदा इंटरनेटवरच्या जवळच्याच पत्त्यावरच्या कुणा भामट्याने साऱ्या जगाला खोट्या औषधांच्या जाहिराती पाठवल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं. या घराचा पत्ताही काळ्या यादीत गेला आणि इथले मेल कुणी घेईना. थोरलीने आठवडाभर दहा ठिकाणी अर्ज करून, हातापाया पडून ते नाव पुसून घेतलं. शाबासकी मिळाली नाही ते नाहीच. वर महिनाभर सासऱ्यांनी ऐकवलं, "तुझ्या त्या मेलपायी धंदा बसला असता." तिने ऐकून घेतलं. धंद्याचा मेल आपल्या हातात आहे, हे तिला पुरेसं होतं.

आणि मग ही धाकटी. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणावं, तर ती तिखटही नव्हती. गोड बोलायची. लग्नाआधी ती लोकांचे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. जे थोरली अंधारात चाचपडत शिकली ते ती पगार घेऊन शिकली होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि थोरलीच्या लेखी हीच तिची सगळ्यात मोठी खोट होती. पोरगी उद्धट असती, आळशी असती, निदान भाजी तरी करपवली असती, तर तिला जीव लावणं सोपं गेलं असतं.

म्हातारी थकली होती हे खरं. डिस्क कुरकुरायची, मोठी पत्रं अडकायची. एके दिवशी जेवताना धाकटी म्हणाली, "बाबा, मेल बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर नेऊ या का? वहिनींची हरकत नसेल तर." बघा कसं, हरकत नसेल तर. हरकत आहे म्हणावं तर आपण वाईट, नाही म्हणावं तर आपण बाहेर. थोरलीने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "माझी कसली हरकत?"

नवीन यंत्र उभं राहिलं. सगळ्यांच्या मेलच्या पेट्या तिकडे गेल्या. थोरलीने डोमेनच्या खात्याचा पासवर्ड सांगितला, धाकटीने तिच्या शेजारी बसून पाटी बदलली. मेल आणणाऱ्याला दोन दारं सांगता येतात आणि प्रत्येक दारापुढे एक आकडा लिहायचा असतो. लहान आकड्याचं दार आधी वाजवायचं. ते उघडलं नाही, तरच दुसऱ्याकडे जायचं. धाकटीने नव्या यंत्रापुढे दहा लिहिलं आणि म्हातारीपुढे वीस.

या घरात आकड्यांना कुणी भीत नाही. वजा सहा, अधिक साडेतीन, दिवसभर तेच. पण त्या विसाकडे थोरली बघत राहिली.

"म्हातारीला मी हात लावत नाही हं वहिनी, ती तुमची," धाकटी म्हणाली. "फक्त तिला सांगून ठेवा. माझं यंत्र कधी बंद पडलं आणि मेल तिच्याकडे आला, तर तो स्वतःच्या पेटीत टाकायचा नाही. धरून ठेवायचा आणि माझं उठलं की पुढे द्यायचा."

"करते," थोरली म्हणाली.

दोन दिवसांनी धाकटीने विचारलं, "झालं का हो वहिनी?"

"केलंय."

केलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम. पण कपाटाशी बसली की तिचा हात उचलेना. बारा वर्षं जिने घराचं टपाल स्वतःच्या हाताने वाटलं, तिला सांगायचं की आता तुझ्या दाराशी जे येईल ते उचलून धाकटीकडे पोचवून ये? आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाला दूधही आपणच न्यायचं? उद्या करू, म्हणून तिने कपाट लावलं. मग धाकटीने आणखी एकदा विचारलं, तिने आणखी एकदा केलंय म्हटलं, आणि हळूहळू तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

सुरुवातीचे दिवस तिचे फार सुखात गेले. नव्या पत्त्याला कुणी ओळखत नव्हतं. इथून गेलेले मेल चष्मेवाल्यांच्या कचऱ्याच्या पेटीत पडायला लागले. सासरे कातावले, आणि थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र तिने असा ठेवला की घरात कुणी आजारी असावं. धाकटी शांतपणे म्हणाली, "होतं असं, बाबा. नव्याने एकदम फार बोलायचं नसतं. आधी जे उत्तर देतात त्यांनाच थोडे थोडे पाठवायचे. त्यांचं मत चांगलं झालं की मग इतरांचं होतं." आणि खरंच, दोनेक आठवड्यांत सगळीकडचे दरवाजे तिला उघडले.

हे थोरलीला कुणी शिकवायला नको होतं. या घरात नवी आली तेव्हा तीही अशीच आधी थोडं थोडं बोलायची. पण ते धाकटीला सांगावं, दोघींनी मिळून हसावं, हे काही तिला सुचलं नाही.

त्यानंतर एक वाईट खोड लागली. रोज चहाच्या वेळी ती जिन्याखाली जाऊन म्हातारीकडे कोण येऊन गेलं ते बघायची. भला माणूस कुणी यायचा नाही. तो दहा नंबरच्या दाराने जायचा. विसाच्या दाराशी यायचे ते चोरटे. मागच्या दाराला पहारा ढिला असतो हे त्यांना ठाऊक. लॉटरी लागली, टकलावर केस उगवतील, परदेशातल्या विधवेला आपली संपत्ती तुम्हालाच द्यायची आहे. एकेकाळी जिच्याकडे अख्खा धंदा चालत यायचा, तिच्याकडे आता टकलावरचे केस येत होते. थोरली कपाटाचं दार आपटून वर यायची. धाकटी विचारायची, "काय झालं वहिनी?" आणि थोरली म्हणायची, "धूळ."

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो खालून हात धुऊन आला होता.

"अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"कशाचं?"

"मेलचं. सगळं तिच्या हातात गेलं."

"मेल कुणाच्याही हातून येऊ दे," तो टॉवेल शोधत म्हणाला, "काच मलाच घासायची आहे."

असल्या माणसाशी काय बोलायचं? तिने टॉवेल त्याच्या हातात कोंबला आणि विषय संपवला.

एवढ्यावरही चाललं असतं. माणूस मनात जळत राहतो आणि वरून संसार करतो, त्यात नवल नाही. पण एके दुपारी कच्ची काच पुरवणारा व्यापारी आला. केबिनचं दार उघडंच होतं. तो म्हणाला, "तुमच्याकडून हल्ली मेलला उत्तर लगेच येतं हो. कोण बघतं?"

"धाकटी सून," सासरे म्हणाले. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "फार हुशार पोरगी. तिने सगळं रांगेला लावलं. आधी नुसता खेळखंडोबा होता."

थोरली बाहेर बिलांना टाचण्या लावत होती. एक टाचणी बोटात गेली ती तिला कळलीही नाही. बारा वर्षांचा खेळखंडोबा! ज्या फोनवर वजाचं अधिक व्हायचं, त्या फोनवरून या माणसाला जिने इथवर आणलं, तिचा खेळखंडोबा! धाकटीने मान वर करून केबिनकडे पाहिलं, मग थोरलीकडे. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं. थोरलीने टाचण्यांची डबी बंद केली आणि स्वतःच्या टेबलाशी जाऊन डोमेनचं खातं उघडलं.

पासवर्ड तिच्याकडे होताच. तिने तो लावला नव्हता तर कुणी? दोन ओळी समोर आल्या. नवीन यंत्र, दहा. म्हातारी, वीस. तिने विसातला दोन खोडला आणि एक लिहिला. दहा आणि दहा. पाच लिहिता आलं असतं, पण पुढे जायचं नव्हतं तिला. फक्त बरोबरीला यायचं होतं. थोरलीपणाचा एवढा हक्क तरी असावा की नाही? म्हातारी मेल पुढे धाडेलच, असं ती धरून चालली होती. आपण ते केलेलंच नाही, हे त्या क्षणी तिच्या ध्यानातही नव्हतं. इतक्यांदा सांगितलेलं खोटं वेळेला खऱ्यासारखं उभं राहतं.

त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी गाणं गुणगुणत घरात आली, आणि रोज जिन्याखाली डोकावायची खोडही त्या दिवसापासून सुटली.

दोन दारांवर एकच आकडा असला की मेल आणणारा मनाला येईल ते दार वाजवतो. एक इकडे, एक तिकडे. दुसऱ्या दिवशी ऑर्डरी निम्म्यावर आल्या. खाली थोरला म्हणाला, "आज बरं आहे, जरा पाठ टेकली." तिसऱ्या दिवशी धाकटा डबे मोजून म्हणाला, मंदी दिसतेय. चौथ्या दिवशी फोन खणखणायला लागले.

एक फोन थोरलीनेच उचलला. पलीकडे दूरच्या गावातला एक म्हातारा चष्मेवाला, जुना ओळखीचा. "अहो बाई, मी एकाच पत्त्यावर दोन ऑर्डरी पाठवल्या. दुसरीच्या काचा आल्या, पहिलीचा पत्ता नाही. पहिली बस चालवणाऱ्याची आहे. चष्मा फुटलाय त्याचा. माणूस कामावर जाऊ शकत नाही, रोज माझ्या दुकानात येऊन बसतो आणि दाराकडे बघतो. त्याला दारही नीट दिसत नाही."

एक आली, एक नाही. फोन ठेवून ती जिन्याखाली गेली आणि म्हातारीच्या जुन्या पेट्या उघडल्या. परदेशातल्या विधवा आणि टकलावरचे केस यांच्या गर्दीत, अंग चोरून, चार दिवसांच्या ऑर्डरी बसल्या होत्या. डावा वजा चार. उजवा वजा सव्वाचार. त्याच्याखाली चष्मेवाल्याने लिहिलं होतं: लवकर द्या, गरजू आहे. म्हातारीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिने बारा वर्षं केलं तेच केलं होतं. दाराशी आलेलं टपाल घरात घेतलं आणि मालकिणीची वाट बघत बसली.

"सूनबाई!" वरून हाक आली. या वेळी सासरे मान वर करून ओरडले असणार.

केबिनमध्ये सगळे जमले होते. थोरला ओल्या हातांनी, धाकटा डब्यांची चळत घेऊन, आणि धाकटी टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. "निम्मे मेल गेले कुठे? तुझा सर्व्हर, तू सांग," ते धाकटीला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर आवाज चढवत होते. थोरलीने महिनोन्‌महिने मनात हेच चित्र रंगवलं होतं. आता ते समोर होतं, आणि बघायला तिला बसचा ड्रायव्हर मध्ये येत होता.

"माझ्या यंत्रात काही नाही, बाबा. आलेलेच नाहीत," धाकटी म्हणाली. "डोमेनच्या नोंदी बघते."

थोरली तिच्या खांद्यामागे उभी होती. या नोंदी काही कुलपात नसतात. जगातल्या कुणीही, कुठूनही विचारल्या तर मिळतात. मिळाल्या नाहीत तर मेल पोचायचा कसा? धाकटीने एक ओळ टाइप केली आणि उत्तर आलं. दहा. दहा. थोरलीने आपला मत्सर अख्ख्या जगाला वाचता येईल अशा पाटीवर लिहून ठेवला होता.

धाकटी त्या दोन ओळींकडे बघत राहिली. तिने ते लिहिलं नव्हतं. पासवर्ड आणखी कुणाकडे आहे हे तिला ठाऊक होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि म्हणाली, "माझीच चूक, बाबा. आकडा टाकताना माझ्या हातून घोटाळा झाला. निम्मे मेल म्हातारीकडे गेलेत. हरवले नाहीत, आत्ता काढते."

खोलीत सगळ्यांनीच श्वास सोडला. धाकट्याने बायकोच्या खुर्चीवर हात ठेवला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला आणि त्यांच्या तोंडून, बारा वर्षांत थोरलीने कधी ऐकला नव्हता तसला आवाज निघाला.

"असू दे गं पोरी. होतं असं. चुकतो तोच शिकतो."

खरं म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला होता. गप्प राहायचं, जिन्याखाली जाऊन ऑर्डरी काढून द्यायच्या, एवढंच उरलं होतं. पण थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. काळी यादी लागली तेव्हा तिचा काडीचा दोष नव्हता, तरी तिला महिनाभर ऐकावं लागलं. आणि ही! टपाल घेतलं, हाक घेतली, कौतुक घेतलं, आता थोरलीने केलेली चूकसुद्धा हिनेच घ्यायची, आणि वर तिच्यावर माफीही मिळवायची? सरळ मनाने कुणी खरं बोलतं, कुणी भीतीने बोलतं. थोरली बोलली ती निव्वळ पोटदुखीने.

"तिची कसली चूक?" ती ओरडली. "ती चूक माझी आहे! मी केली. विसाचं दहा मी केलं. आणि म्हातारीला पुढे द्यायला सांगितलंय म्हणाले, तेही खोटं. काही सांगितलं नव्हतं मी तिला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. थोरल्याच्या हातातून पाणी फरशीवर टपकत होतं.

"का?" सासऱ्यांनी विचारलं. ते रागावलेही नव्हते, त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"का म्हणजे?" थोरलीचा आवाज फाटला. "तुम्ही सूनबाई म्हणून हाक मारता. मी उठते. बारा वर्षांची सवय आहे मला उठायची. आणि तुम्ही म्हणता, तू नाही, ती. कुणी आलं की सांगता, आधी खेळखंडोबा होता. जळते मी, बाबा. हिला बघितलं की जळते. झालं? कळलं सगळ्यांना?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात होतं, पण ज्याने आयुष्यभर एकाच शब्दाने हाक मारली, त्याला दुसरा शब्द ऐनवेळी कुठून सुचणार? "आधी काचा," ते शेवटी म्हणाले. "बाकीचं मग."

दोघी जावा जिन्याखाली एका स्टुलावर आणि एका उलट्या खोक्यावर बसल्या. स्टूल धाकटीने थोरलीला दिलं होतं. थोरली म्हातारीच्या पेट्यांतून ऑर्डरी वेचून काढत होती, धाकटी त्या थोरल्याकडे पाठवत होती. बसवाल्याची ऑर्डर थोरलीने सगळ्यांत आधी काढली. शेजारून घासायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा दोघींनीही क्षणभर हात थांबवून तो ऐकला.

"तू कशाला अंगावर घेतलंस?" थोरलीने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं. आवाज अजून कडूच होता.

"निम्मी चूक माझीच होती. म्हातारी मेल पुढे देते का, ते मी तपासायला हवं होतं. कंपनीत असते तर पहिल्या दिवशी माझं यंत्र बंद करून पाहिलं असतं."

"मग इथे का नाही पाहिलंस?"

धाकटीला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तुम्ही केलंय म्हणालात ना. तुमच्या शब्दावर परीक्षा कशी घ्यायची?"

थोरलीला वाटलं, हिने यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने धुळीच्या नावावर खपवलं. पिवळं फडकं उचलून तिने म्हातारीचं झाकण पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. मग स्टूल पुढे ओढलं आणि एवढे दिवस राहिलेलं पाच मिनिटांचं काम केलं. आलेला मेल पेटीत टाकायचा नाही, धरून ठेवायचा, दहा नंबर उठलं की द्यायचा. डोमेनचं खातं उघडून म्हातारीपुढचा एक खोडून पुन्हा दोन लिहिला. आपल्या हाताने लिहिलेला तो वीस, धाकटीने लिहिलेल्या विसापेक्षा कमी टोचला असं म्हणता येणार नाही. टोचलाच.

तीन दिवसांनी, नवी पाटी सगळीकडे पोचल्यावर, थोरली धाकटीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "तुझं यंत्र बंद कर."

"अं?"

"मेल घेणं बंद कर थोडा वेळ. तपासून बघ. माझ्या शब्दावर राहू नकोस."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, आणि बंद केलं. थोरली लॅपटॉप घेऊन म्हातारीकडे येणाऱ्या मेलचं दप्तर उघडून बसली. पहिला मेल आला. दहाचं दार वाजवून, उत्तर न मिळाल्याने विसाकडे आला होता. मग दुसरा. मग चष्मेवाले एकामागून एक यायला लागले. चोरटे नव्हे, भली माणसं, ओळखीची नावं. कुणाचा वजा दोन, कुणाचा अधिक दीड. म्हातारी एकेकाला दारात घेऊन बसवत होती. जिन्याखालून तिची घरघर वरपर्यंत ऐकू येत होती. अख्खा धंदा पुन्हा थोरलीच्या ओटीत येऊन पडला होता आणि ती एकेक नाव वाचत होती.

"सूनबाई!"

दोन खुर्च्या सरकल्या. धाकटी अर्धी उठली, आणि पुन्हा बसली. "माझं बंद आहे, वहिनी," ती म्हणाली. चेहरा अगदी सरळ. "तुम्हालाच जावं लागणार."

थोरलीला हसू आलं, ते तिने दाबलं. आगाऊ पोरगी! ती केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. सासऱ्यांनी मान वर केली. ती वाट बघत होती, आता ते नेहमीचं येईल म्हणून. सासऱ्यांच्या ओठांवर ते आलंही होतं, तिने बघितलं. त्यांनी ते गिळलं.

"मेल थांबलाय का गं?"

"थांबलाय," थोरली म्हणाली. "माझ्याकडे आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. माझ्याकडे आहे. परत येताना तिने ते दोन शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हटले. स्क्रीनवर रांग आणखी वाढली होती. धाकटी बटनावर बोट ठेवून बसली होती.

"चालू करू, वहिनी?"

नको, असं थोरलीच्या अगदी जिभेवर आलं. आणखी तासभर. संध्याकाळपर्यंत. कुणाचं काय बिघडणार होतं? तिने रांगेतलं सगळ्यांत वरचं नाव वाचलं. दूरच्या गावातला तो म्हातारा चष्मेवाला. लिहिलं होतं, काचा मिळाल्या, माणूस आज बसवर गेला. खाली आणखी एकाची ऑर्डर होती.

"कर," ती म्हणाली, "लवकर कर." आणि म्हातारीने एकेक करून सगळे पुढे पाठवले, ते तिने शेवटचा जाईपर्यंत बघितलं.